पेटी नाही, तबला नाही, नुसते गळे: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात वाद्यांशिवाय गाणाऱ्या हौशी ग्रुपबद्दल, म्हणजे हल्ली ज्याला सगळे अकापेला म्हणतात त्याबद्दल, मी दोनच ओळी लिहिल्या होत्या आणि त्यावर इतक्या चिठ्ठ्या आणि मेसेज आले की या वेळचा अख्खा कॉलम त्यालाच देतेय. सगळी पत्रं आपल्या कोकणातलीच आहेत, अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत, आणि मला याचा मनापासून आनंद झालाय. नावं गाळलीत, फक्त गाव ठेवलंय.

ताई, आम्ही बारा जण आहोत, सगळे नोकरीवाले, शनिवारी रात्री जमतो. गाणं पेटीच्या काळी दोन पट्टीत सुरू करतो आणि संपेपर्यंत पांढरी दोनच्याही खाली आलेलो असतो. शेवटी पेटीवर सा दाबून बघितला की सगळ्यांची तोंडं पडतात. नक्की कोण खाली जातंय हे कसं शोधायचं? (रत्नागिरी)

आधी हा 'कोण' शोधायचा नाद सोडा. तो सुरू झाला ना की प्रत्येक जण स्वतःला वाचवायला बिचकत गायला लागतो, आणि बिचकत गायलेला सूरच सगळ्यात आधी खाली बसतो. वाद्याशिवाय गाणाऱ्या जवळपास प्रत्येक ग्रुपला हा त्रास आहे, चांगल्या चांगल्या क्वायरनासुद्धा, तेव्हा तोंडं पाडायचं काही कारण नाही.

'कोण' ऐवजी 'कुठे' ते शोधा. मोबाईलवर अख्खं गाणं रेकॉर्ड करा, मग प्रत्येक ओळीच्या शेवटी थांबवून तानपुरा ॲपवर काळी दोन लावून बघा. बहुतेक वेळा असं दिसतं की गाणं हळूहळू सगळीकडे उतरत नाही, ते दोन-तीन ठरलेल्या जागीच घसरतं. ग रे सा असं खाली येताना आपण प्रत्येक पायरी थोडी जास्त उतरतो आणि वर चढताना थोडी कमी चढतो, असं दोन्हीकडून नुकसान होतं. तुमचे खालचे आवाज एकाच सुरावर 'डूम डूम' करत बसलेले असतात तिथेही होतं, कारण तोच सूर पुन्हा पुन्हा म्हणताना तो प्रत्येक वेळी नव्याने लावायचा असतो हे लक्षातच राहत नाही. आणि ओळीचा शेवटचा शब्द, जिथे श्वास संपत आलेला असतो पण 'एका दमात म्हटलं' हे दाखवायचं असतं. त्यावर उपाय सोपा आहे, सगळ्यांनी एकदम श्वास घ्यायचाच नाही, शेजाऱ्याने घेतला की आपण नाही घ्यायचा, आणि शब्दाच्या मध्ये घेतला तरी चालतो, बाकीचे अकरा गात असतात, ऐकणाऱ्याला कळत नाही.

प्रॅक्टिसला तानपुरा लावून गा, मग मध्येच कोणीतरी तानपुरा म्यूट करायचा, दोन ओळी तशाच जाऊ द्यायच्या आणि परत सुरू करायचा. मला यापेक्षा चांगला व्यायाम माहीत नाही, कारण चूक कुठे झाली ते सगळ्यांना त्याच क्षणी ऐकू येतं, कोणाला काही बोलावं लागत नाही. आणखी एक करून बघा, तेच गाणं अर्धा सूर वर, पांढरी तीनमध्ये घ्या. काही गाणी एका पट्टीत हट्टाने उतरतात आणि अर्धा सूर बदलला की टिकतात. क्वायर शिकवणारे बरेच जण हा उपाय सांगतात आणि तो खरंच चालतो, कारण आवाज जिथे एका जागेतून दुसरीकडे वळतो ती अवघड जागा दुसऱ्या शब्दावर जाते.

आता पेटीबद्दल. पेटीवर सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात, प्रत्येक भाग १०० सेंटचा (सेंट म्हणजे दोन सुरांमधलं अंतर मोजायचं माप), त्यामुळे पेटीचा ग हा सा पासून ४०० सेंटवर असतो. पण तीन आवाज सा ग प मिळून लावतात तेव्हा कानाला जो ग शांत वाटतो तो ३८६ सेंटच्या आसपासचा, म्हणजे पेटीपेक्षा १४ सेंट खाली. चांगले गळे आपोआप तिकडेच जातात. आणि याच्यात गंमत पुढे आहे, सा पासून शुद्ध पंचमाच्या उड्या मारत गेलात, सा-प, मग प-रे, रे-ध, ध-ग, तर जो ग मिळतो तो ४०८ वर येतो, म्हणजे त्या शांत ग पेक्षा २२ सेंट वर. म्हणून गाण्यात सुरांची जोडी वारंवार बदलत असेल तर प्रत्येक जण सुरात असूनही अख्खा ग्रुप थोडा सरकू शकतो. अर्धा सूर उतरलात तर मेहनत कमी पडतेय, पण पाच-दहा सेंटचा फरक असेल तर पेटी बंद करून ठेवा आणि एकमेकांचं ऐका.

आणि पंखा. मे महिन्यात अवघड आहे मला माहितीये, पण निदान सूर मिळवायच्या वेळी दहा मिनिटं पंखा बंद करा. घरघरीत शेजारचा आवाज ऐकूच येत नाही आणि मग सगळे मोठ्याने गातात.

आमचं भजनी मंडळ आहे. आम्ही पाच-सहा पोरांनी एक भूप रागातला अभंग वाद्यांशिवाय, तीन आवाजांत बसवलाय. बुवा ऐकून म्हणाले, 'पेटी नाय, पखवाज नाय, ह्यां भजन कसलां?' वर म्हणाले दुसरा आवाज बेसूर लागतो. आम्हाला तर तो बरा वाटतो. बुवांना दुखवायचं नाहीये, काय करू? (कुडाळ)

बुवांच्या दोन तक्रारी वेगळ्या आहेत, त्या वेगळ्याच ठेवा. दुसरी आधी घेते, कारण त्यात बुवा बरोबर असण्याची दाट शक्यता आहे.

तुम्ही दुसरा आवाज बहुतेक सिनेमातल्या कोरससारखा लावला असणार, म्हणजे चालीच्या वर तिसरा सूर. सा ला ग, ग ला प, ध ला वरचा सा, इथपर्यंत भूपाचं काही बिघडत नाही. पण चाल रे वर आली की तिसरा सूर येतो म, आणि प वर आली की येतो नि, आणि भूपात म पण नाही आणि नि पण नाही. आयुष्यभर भूप गायलेल्या माणसाला तो म कानात टोचणारच. तुम्हाला तो बरा वाटतो कारण तुमचे कान दुसऱ्या गाण्यांवर पण वाढलेत. दोघांचंही खरं आहे, पण अभंग भूपातला आहे तेव्हा ऐकायचं बुवांचं. करायचं एवढंच की दुसऱ्या आवाजाने भूपाच्याच पाच सुरांत एक सोडून पुढचा धरायचा: सा ला ग, रे ला प, ग ला ध, प ला वरचा सा, ध ला वरचा रे. सगळीकडे अंतर सारखं नाही येत, मध्ये मध्ये ते जरा मोकळं, पोकळ ऐकू येतं, पण ते भूपातलंच राहतं आणि मला तर ते फार सुंदर लागतं. खालच्या दोघांनी सा आणि प धरून ठेवायचा, तोंड मिटून, तानपुऱ्यासारखा. बुवा किंवा कोणीही आलाप घेत असेल तेव्हा दुसरा आवाज पूर्ण बंद, फक्त तो सा-प. आणि तीन आवाज उघडायचे ते गजराला, जिथे तसंही अख्खं मंडळ गात असतं.

आता पहिली तक्रार. बुवांना वाद घालून काही पटवू नका, पण तुम्हाला स्वतःला माहीत असू द्या की पेटी आपल्याकडे आली ती १९व्या शतकात, युरोपातून. अभंग त्याच्या कितीतरी आधीपासून वीणा, टाळ, मृदंगावर चाललेत. आकाशवाणीने तर १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीला बंदी घातली होती. आणि नुसत्या गळ्याचं गाणं आपल्याला परकं नाहीच, जात्यावरच्या ओव्या घ्या, गौरीच्या रात्री फुगड्यांची गाणी घ्या, तिथे पायांच्या ठेक्याशिवाय काय असतं? तिकडे रायगडात बेने इस्रायली, म्हणजे आपल्या कोकणातल्या ज्यू लोकांच्या सिनेगॉगमध्ये शब्बाथच्या प्रार्थना वाद्याविनाच गायल्या जातात. बुवांना मात्र एवढंच विचारा, 'बुवा, म कुठे लागतो ते दाखवा.' त्यांना बसवा मध्ये, आणि प्रत्येक जागा त्यांच्याकडून तपासून घ्या. ज्यांचा कान तुमच्यापेक्षा तयार आहे असा माणूस गावातच आहे, फुकट आहे, आणि रागावून का होईना पण ऐकायला बसलाय. आणि मंडळाच्या बारीला, म्हणजे ठरलेल्या भजनाच्या कार्यक्रमाला, हे घालू नका हं, तिथे पेटी-पखवाजच हवा. हे वेगळ्या वेळी, वेगळ्या जागी करा.

आमच्यात कोणालाच स्टाफ नोटेशन (पाच रेघांवर सूर लिहायची पाश्चात्य पद्धत) येत नाही. नेटवर मिळणाऱ्या अरेंजमेंट सगळ्या त्यात असतात. शिकावंच लागेल का? (चिपळूण)

शिकलात तर चांगलंच, पण त्याच्यासाठी थांबू नका. एक मोठा कागद घ्या, आडव्या रांगा जितके आवाज तितक्या, उभे रकाने मात्रांचे. कहरव्याचं गाणं असेल तर आठ रकाने. प्रत्येक चौकटीत त्या आवाजाचा त्या मात्रेचा सूर सरगममध्ये लिहा, भातखंड्यांच्या पद्धतीने, म्हणजे कोमल सुराखाली आडवी रेघ, तीव्र म वर उभी रेघ, मंद्र म्हणजे खालच्या सप्तकाला खाली टिंब, तार म्हणजे वरच्याला वर टिंब. खाली शब्द. झालं. यात एक फायदा असा की वरून खाली बघितलं की त्या मात्रेला तिन्ही आवाज मिळून काय वाजतंय ते लगेच दिसतं, कोण कोणावर आपटतंय ते पण. ज्याला स्टाफ येतं असा एखादा, चर्चच्या क्वायरमध्ये गाणारा कोणी, गावात असतोच, त्याच्याकडून ती नेटवरची अरेंजमेंट एकदा सरगममध्ये उतरवून घ्या. मग प्रत्येक पार्ट वेगळा गाऊन रेकॉर्ड करा आणि ग्रुपवर टाका. बहुतेक मेंबर कागद बघणार नाहीत, गाडीवर जाताना रेकॉर्डिंगच ऐकणार, आणि त्यात काही वाईट नाही.

आमचा ग्रुप ज्या काकांनी सुरू केला, त्यांच्याच घरी प्रॅक्टिस, चहा-पोहे पण त्यांचेच, त्यांचा सूर लागत नाही. सत्तरीच्या पुढचे आहेत. सगळे मागे बोलतात, समोर कोणी बोलत नाही. आता दिवाळीनंतर कार्यक्रम ठरलाय. (गुहागर)

हे पत्र मी दोन-तीनदा वाचलं. पहिली गोष्ट, ते मागचं बोलणं आजच थांबवा, कारण ते त्यांच्यापर्यंत पोचणारच आणि कोणाच्या तरी तिरकस वाक्यातून पोचणार.

आणि 'सूर लागत नाही' म्हणजे नक्की काय होतं ते आधी एकट्याने तपासा. ज्याला खरोखरच सूर कळत नाही अशी माणसं फार थोडी असतात. काकांनी ग्रुप काढला, म्हणजे त्यांना गाणं कळतंय. त्यांच्याबरोबर एकटे बसा, आणि पेटीवर नाही, पुरुषाच्या आवाजात एक मधला सूर गाऊन त्यांना तो लावायला सांगा. बरेच पुरुष पेटीचा किंवा बाईचा आवाज ऐकून सूर शोधताना गडबडतात पण पुरुषाच्या गळ्यातला सूर बरोबर पकडतात. मग वर जा, खाली जा. सत्तरीनंतर वरचे सूर जातात, आवाज थरथरतो, त्याला काही इलाज नाही. पण बहुतेक हे दिसेल की त्यांना अजून तीस वर्षांपूर्वीचाच पार्ट दिलाय आणि तो आता त्यांच्या गळ्याच्या वर गेलाय. पार्ट खालचा द्या, बघा अर्धा प्रश्न जातो का. कान पण बघून घ्यायला सांगा, वयाने ऐकू कमी येतं ते आधी बारीक, वरच्या आवाजांचं कमी येतं, आणि शेजारचा काय गातोय ते नीट ऐकू येत नसेल तर कोणाचाही सूर लागणार नाही. त्यांना कडेला उभं करू नका, दोन पक्क्या आवाजांच्या मध्ये घ्या.

एवढं करूनही नाही लागला तर बोलावं लागेल, आणि ते तुमच्यातल्या एकानेच, ज्याच्यावर त्यांचा जीव आहे अशाने, घरी जाऊन, प्रॅक्टिसच्या दिवशी नाही. 'काका, या दोन गाण्यांत तुम्ही बसा, बाकी तीन गाण्यांत आहातच.' एवढं स्पष्ट. खोटी कारणं नकोत, 'मायक कमी आहेत' वगैरे, त्यांना ते कळतं आणि ते जास्त लागतं. आणि त्यांना निवेदन द्यायचं, सत्कार करायचा असलं काही त्या जागी भरपाई म्हणून पुढे करू नका, त्यांनी स्वतः मागितलं तर गोष्ट वेगळी. माझं स्पष्ट मत सांगू? तुमचा हौशी ग्रुप आहे, तिकीट लावून गात नाही. पाच गाण्यांत एखादा सूर हलला तर लोक विसरतील. ज्या माणसाच्या ओसरीवर हे सगळं उभं राहिलं तो कार्यक्रमाला प्रेक्षकात बसला तर गाव ते विसरणार नाही.

ताई, मी बारावीत आहे. घरी बीटबॉक्सिंग करतो, म्हणजे तोंडानेच ड्रमचे आवाज काढतो, आई म्हणते थुंकतोस काय. ग्रुपमध्ये मला घेतील का? (दापोली)

घेतील, आणि शोधत येतील. आईला बॉबी मॅकफेरिन या अमेरिकन गायकाचं ऐकव, १९८८ साली त्याचं फक्त स्वतःच्याच गळ्यातून आणि अंगातून काढलेल्या आवाजांचं गाणं अमेरिकेत पहिल्या नंबरवर होतं. मुंबईच्या व्होक्ट्रॉनिका या अकापेला ग्रुपचे व्हिडिओ पण दाखव. पण मला तुला वेगळंच सांगायचंय, किक, हायहॅट, स्नेअर हे ड्रमसेटचे तीन आवाज तुझे बसले असतील तर आता तबला शिकणाऱ्या कोणाकडे तरी जाऊन बोल म्हणायला शीक. धा गे ना ती ना क धी ना, दादरा असेल तर धा धी ना धा ती ना. आपल्याकडे तबलजी हात लावायच्या आधी बोल तोंडाने म्हणतातच, म्हणजे हे तुझ्या घरचंच आहे. मराठी गाण्याला ड्रमसेटचा ठेका सारखा लावला की गाण्याची चाल बिघडते, आणि पावसाळ्यात आपल्याकडे तबल्याची पुडी सैल पडते तेव्हा तुझा तबला मात्र तसाच राहणार. मेट्रोनोम लावून रोज सराव कर, कारण ग्रुपमध्ये तुझं काम करामती दाखवायचं नाही, लय धरून ठेवायचं आहे. तू पळालास की सगळे पळतील. आणि पाणी पीत राहा.

कार्यक्रमाच्या दिवशी सोलकढी, लोणचं, आंबट काही खाल्लं तर गळा बसतो का? (देवगड)

आंबट खाल्ल्याने गळा बसत नाही, पण जड, तिखट जेवून लगेच गायला उभं राहिलात तर पोटातलं आम्ल वर येतं आणि ते घशाला त्रास देतं, शिवाय भरल्या पोटी श्वास नीट घेता येत नाही. दोन तास आधी साधं जेवा. दिवसभर पाणी. कुजबुजून बोलू नका, त्यानेही गळ्याला ताण पडतो. आवाज तीन आठवड्यांपेक्षा जास्त बसलेला असेल तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा, काढे घेत बसू नका.

डिसेंबरमध्ये बीचवर कार्यक्रम आहे. आम्ही आठ जण, साऊंडवाला म्हणतो दोन मायक पुरेत. पुरतील का? (अलिबाग)

बंद हॉल असता तर दोन चांगले मायक समोर लावून छान झालं असतं. उघड्यावर नाही. भिंती नाहीत, छत नाही, म्हणजे आवाज परत येतच नाही, तुम्हाला एकमेकांचं काही ऐकू येणार नाही आणि लाटांचा आवाज सारखा चालू. उघड्यावर प्रत्येकाला हातात मायक पाहिजे, निदान चाल गाणाऱ्याला, सगळ्यात खालच्या आवाजाला आणि ठेका देणाऱ्याला तरी स्वतंत्र. दोन मायकमधलं अंतर हे तोंड ते मायक या अंतराच्या तिप्पट तरी ठेवा, नाहीतर एकाचा आवाज दुसऱ्याच्या मायकमध्ये जाऊन सगळं पोकळ ऐकू येतं. मायकवर फोमची टोपी हवीच, वाऱ्याचा भडभडाट फार वाईट येतो.

साऊंडवाल्याला एक गोष्ट बजावून सांगा, तुमच्याकडे तोंड केलेला एक स्पीकर लागेलच, आणि त्यात चाल कमी, खालचा आवाज आणि ठेका जास्त. सूर सगळे खालच्या आवाजावरून घेतात. अर्धवर्तुळात, खांद्याला खांदा लावून उभे राहा, एका ओळीत पसरू नका.

आणि स्टेज समुद्राच्या बाजूला, लोक गावाच्या बाजूला असं करा. संध्याकाळी वारा समुद्राकडून येतो, आणि वाऱ्याच्या दिशेने आवाज जास्त लांब जातो. बरेच आयोजक समुद्राचा देखावा मागे यावा म्हणून तसं करतातच, पण काही जण लोकांना समुद्राकडून वारा तोंडावर नको म्हणून उलटं लावतात, मग आवाज गायकांच्याच मागे उडून जातो. रात्री १० ला स्पीकर बंद करावा लागतो, म्हणून साऊंडचेक दुपारीच उरका, शेवटचं गाणं घाईत गायला लागू नये.

सिनेमातली गाणी, भावगीतं आम्ही आमच्या पद्धतीने बसवून गातो. परवानगी लागते का? एका रिसॉर्टने पैसे देऊन बोलावलंय. (वेंगुर्ला)

तुमच्या पत्रात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हौशी मंडळाने तिकीट न लावता, पैसे न घेता लोकांसमोर गाणं हे १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मधल्या सवलतीत बसतं, देवस्थानाच्या मदतीसाठी केलेला कार्यक्रमही बसतो. म्हणजे गावातल्या मंडपात, शाळेच्या हॉलमध्ये फुकट गाता तोवर निवांत राहा. रिसॉर्टचं तसं नाही, तिथे पैसा आला, पाहुणे पैसे देऊन बसलेत. गीत आणि चालीचे हक्क सांभाळणाऱ्या आयपीआरएससारख्या संस्थेचं लायसन्स लागतं, आणि ते बहुतेक वेळा जागेच्या मालकाने किंवा आयोजकाने घ्यायचं असतं. त्यांना आधीच, लिखित विचारा, 'तुमच्याकडे लायसन्स आहे ना?' व्हिडिओ करून नेटवर टाकणं ही पण वेगळी गोष्ट, फुकट गायलो म्हणून ती सूट तिथे लागू होत नाही. आणि दुसऱ्याच्या चालीची नवी अरेंजमेंट करणं हाही कायद्याने मूळ मालकाचाच हक्क आहे, तेव्हा ती छापून विकू वगैरे नका.

कवी आणि संगीतकार गेल्यानंतर ६० वर्षं हक्क राहतो. म्हणून संतांचे अभंग, किंवा आपल्या मालगुंडचे केशवसुत, जे १९०५ ला गेले, यांचे शब्द सगळ्यांचे आहेत. पण शब्द मोकळे असले तरी तुम्ही गाता ती चाल अलीकडच्या संगीतकाराची असेल तर ती मोकळी नाही, ही गल्लत फार जण करतात. माझं तर म्हणणं आहे की जुनी कविता घ्या आणि चाल तुमच्यातल्याच कोणीतरी लावा. वाद्यांशिवाय गायचं म्हणूनच बांधलेली चाल, वाद्यांच्या गाण्यातून उरलेल्या चालीपेक्षा नेहमी चांगली बसते. मोठ्या पैशाचा करार असेल तर सही करण्याआधी वकिलाला दाखवा.

चार वर्षं झाली, ग्रुप टिकतच नाही. सीझनमध्ये कोणाचं हॉटेल, कोणाची होडी, कोण मुंबईला जातो नोकरीला. प्रत्येक वेळी शून्यापासून सुरू. सोडून द्यावं असं वाटतंय. (मालवण)

सोडू नका. अमेरिकेत येल विद्यापीठात व्हिफनपूफ्स नावाचा कॉलेजच्या विद्यार्थ्यांचा अकापेला ग्रुप आहे, १९०९ पासूनचा, १४ जणांचा, आणि तिथे दरवर्षी जवळजवळ सगळी माणसं बदलतात. तरी शंभरावर वर्षं चाललाय, कारण माणसं गेली तरी गाणी लिहिलेली राहतात आणि नवीन आलेल्याला पहिल्या दिवशी हातात कागद मिळतो. तुमचं तिथेच अडतंय असं तुमच्या पत्रावरून दिसतं, सगळी अरेंजमेंट दोघांच्या डोक्यात, आणि त्यातला एक आता ठाण्याला. तेव्हा प्रत्येक गाण्याचा कागद आणि प्रत्येक पार्टचं रेकॉर्डिंग एका जागी, ड्राइव्हवर, तिघांकडे तरी पासवर्ड असलेलं.

एका पार्टला एकच माणूस ठेवू नका, दोन तरी. आठ जण असाल तर चार पार्ट पुरे, सहा पार्टची हौस नको. आणि दोन-तीन गाणी अशी बसवून ठेवा जी चौघांत सुद्धा उभी राहतात, म्हणजे प्रॅक्टिसला पाचच जण आले तरी 'आज नको' म्हणून घरी जायची पाळी येत नाही. ग्रुप मोडतात ते बहुतेक या 'आज नको'मुळे, भांडणामुळे कमी.

मग कॅलेंडर. तुम्ही सगळ्या गावांसारखं दिवाळीनंतर सुरू करता, आणि तेव्हाच मालवणात पर्यटक येतात, ते मेपर्यंत, मध्ये आंब्याचा सीझन. उलटं करा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद, किल्ल्याच्या होड्या बंद, हॉटेलं रिकामी. ज्यांची भातशेती आहे त्यांना लावणीचे दिवस सोडा, बाकी पावसाळा तुमचा. लाईट गेली तरी अडत नाही, तुम्हाला वायर लागतेच कुठे? आठवड्यातून दोनदा बसा, जास्त वेळ नको, दीड तास, त्यातली पहिली वीस मिनिटं फक्त सूर मिळवणं. गाणी कोणती, सूर कसा, हे एकाने ठरवायचं आणि हिशोब, जागा, फोन हे दुसऱ्याने, कारण एकाच माणसावर दोन्ही पडलं की तो एक दिवस चिडतो आणि तो गेला की सगळं गेलं. महिन्याची वर्गणी अगदी थोडी का असेना पण घ्या, झेरॉक्स, चहा आणि वर्षातून एखादा मायक एवढं त्यात निघतं.

ऑगस्टपर्यंत पाच गाणी होतात. पहिला कार्यक्रम गणपतीत कोणाच्या तरी घरी, आरती झाल्यावर. मुंबईला गेलेले तुमचे जुने मेंबर तेव्हा गावात असतातच, त्यांना जूनमध्येच रेकॉर्डिंग पाठवा, ते तिकडे लोकलमध्ये ऐकत पाठ करतील आणि इथे येऊन दोन प्रॅक्टिसमध्ये उभे राहतील. ठाण्याच्या त्या मित्राला आजच फोन करा आणि त्याच्या डोक्यात आहे ते आधी रेकॉर्ड करून घ्या.